बॅलेच्या मोफत वर्गांना देणगी हवी, तीही दरवर्षी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एका बॅले शाळेच्या सामाजिक आणि शैक्षणिक उपक्रमांचे हिशेब मी गेली नऊ वर्षे विनावेतन पाहते. मी नर्तिका नाही. निवृत्त होईपर्यंत लेखापालाचे काम केले आणि तेच काम आता या शाळेसाठी करते. फी भरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे वर्ग हा शाळेचा मुख्य व्याप आहे. त्याच्या बरोबरीने शाळा तीन उपक्रम चालवते : ज्यांच्या घरी फी परवडणारी नाही अशा मुलांसाठी आठवड्यातून दोनदा मोफत वर्ग, सर्वसाधारण शाळांमध्ये जाऊन तिथल्या वेळापत्रकातच घेतले जाणारे नृत्याचे तास आणि पार्किन्सनचा आजार जडलेल्या ज्येष्ठांसाठी आठवड्याला एक वर्ग. फीच्या उत्पन्नातून या उपक्रमांची तोंडमिळवणी होत नाही. ते पूर्णपणे देणग्यांवर चालतात आणि म्हणूनच प्रत्येक वर्ष संपत आले की पुढच्या वर्षाची धास्ती माझ्या मनात दाटून येते.

काही महिन्यांपूर्वी एक दाते आमचा वार्षिक अहवाल वाचून भेटायला आले. त्यांनी अत्यंत आस्थेने विचारले, ‘‘या मोफत वर्गातून आजवर नर्तक किती तयार झाले?’’ मी खरे ते सांगितले. दोन मुले पूर्ण वेळ प्रशिक्षणापर्यंत पोहोचली, व्यावसायिक रंगमंचावर अजून कोणी उभे राहिलेले नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि आपली देणगी मुख्य शाळेतल्या एका गुणी विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीसाठी दिली. त्या मुलीला ती मिळायलाच हवी होती आणि मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. मदत करू इच्छिणारी बहुतेक माणसे हाच प्रश्न घेऊन येतात आणि त्याच्या उत्तरावर चाळीस मुलांचा वर्ग चालणार की बंद पडणार हे ठरते. आपल्या वाचकांपैकी ज्यांना कलाशिक्षणासाठी काही देण्याची इच्छा आहे, त्यांच्यापुढे या प्रश्नाची दुसरी बाजू यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा मोफत वर्ग एका शाळेच्या सभागृहात भरतो. बाके सरकवून भिंतीला लावली जातात आणि आधाराला धरायचा लाकडी बार तिथे नसल्यामुळे मुले खुर्च्यांच्या पाठी धरून उभी राहतात. बॅलेचा तास कुठल्याही देशात साधारण याच क्रमाने सुरू होतो. आधी प्लिए, म्हणजे पाठ ताठ ठेवून गुडघे सावकाश वाकवणे, आणि मग तांद्यू, म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवत नेऊन बोटांच्या टोकापर्यंत ताणणे. पावलांच्या ज्या पाच मूळ स्थितींवर हे सगळे उभे आहे, त्यांची मांडणी सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारातल्या पिएर बोशां या नृत्यगुरूच्या नावावर आहे. त्या पाच स्थिती शिकताना श्रीमंत घरातल्या मुलीला जितका वेळ लागतो तितकाच आमच्या वर्गातल्या मुलीलाही लागतो. फरक पडतो तो पायाखालच्या जमिनीने. सभागृहाची जमीन सिमेंटची आहे. उडीचा हादरा झेलणारी, खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन तिथे नाही. त्यामुळे मुले कितीही मागे लागली तरी शिक्षिका तिथे मोठ्या उड्या घेऊ देत नाहीत, आणि त्यांचे हे म्हणणे योग्यच आहे.

जोड्यांसाठी आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. मुख्य शाळेतल्या मुलांना लहान झालेले मऊ कापडी जोडे आम्ही जमवतो, आतल्या बाजूला पेनाने माप लिहितो, तासाआधी वाटतो आणि तास संपला की परत घेतो. एकदा मी हजेरीपट घेऊन कोपऱ्यात बसले असताना शिक्षिका दहा-अकरा वर्षांच्या एका मुलापाशी थांबल्या. एरवी त्याचा तांद्यू वर्गात सगळ्यांत नेटका असे. त्या दिवशी पाऊल सरकत पुढे जाई, पण टोकाशी आल्यावर अंगठा ताणला जात नसे. शिक्षिकेने खाली बसून जोड्याचे टोक बोटांनी चाचपले, तर आत त्याची सगळी बोटे दुमडलेली. पाऊल दोन मापांनी वाढले होते आणि दीड महिना तो तसाच नाचत होता, कारण आपल्या मापाचा जोड पेटीत नाही हे त्याने पाहिले होते आणि तसे बोललो तर आपल्याला घरी बसावे लागेल अशी त्याची समजूत झाली होती. वाढत्या वयातले पाऊल असे कोंडून ठेवणे किती धोक्याचे असते ते मला त्या दिवशी कळले. त्याच आठवड्यात त्याच्यासाठी नवा जोड आला. अहवालात तो खर्च ‘साहित्य’ या सदरातल्या एका ओळीत मिसळून गेला, आणि ती ओळ वाचणाऱ्या देणगीदाराला त्यात तो मुलगा दिसण्याची काही शक्यता नव्हती.

‘‘संस्थेने कधीतरी स्वतःच्या पायावर उभे राहायला हवे,’’ असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. हेतू चांगला असतो, पण या कामाचे अर्थकारण तसे नाही. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी प्रयोगकलांच्या जमाखर्चाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तेवढ्याच माणसांच्या हातून अधिक माल निघतो आणि म्हणून पगार वाढले तरी वस्तूची किंमत आटोक्यात राहते. चार वादकांनी वाजवायची रचना मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितक्या वेळात वाजवली जाई तितकाच वेळ आजही घेते आणि तिला चारच वादक लागतात. त्यांचे पगार बाकीच्या समाजाबरोबर वाढत जातात, काम मात्र तेवढेच राहते. त्यामुळे उत्पन्न आणि खर्च यांतली दरी कोणाचीही चूक नसताना रुंदावत जाते, असे त्यांनी दाखवून दिले. बॅलेच्या तासाला हे शब्दशः लागू पडते. एक शिक्षिका एका वेळी वीस, फार तर पंचवीस मुलांकडे नीट लक्ष देऊ शकते. कोणाचा गुडघा आत झुकतो आहे, कोणाचा खांदा वर चढतो आहे, हे तिला प्रत्येकाजवळ जाऊन पाहावे लागते. पियानोवर बसलेला साथीदार तिच्या इशाऱ्यावर लय कमी करतो, वाढवतो, मध्येच थांबतो. या दोघांचा वेळ वाचवणारे यंत्र नाही आणि तो वाचवावा असे मला वाटतही नाही, कारण मुलांना जे मिळते ते नेमके त्या वेळातूनच मिळते.

बॅले ही मुळातच श्रीमंतांची कला, तिच्या शिक्षणासाठी इतरांनी हात सैल का सोडावा, हा आक्षेपही मी ऐकला आहे. बॅले दरबारात वाढला हे खरेच आहे. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये पॅरिसमध्ये नृत्याची शाही अकादमी स्थापली आणि तिथल्या ऑपेराची नृत्यशाळा १७१३ पासूनची आहे. पण शिकणारी मुले कोण होती ते पाहावे. १७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ज्यां-बातिस्त लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाने सम्राज्ञी आना यांच्या आश्रयाने जी शाळा सुरू केली, तिचे पहिले विद्यार्थी राजवाड्यातल्या नोकरांची मुले होती, बारा मुलगे आणि बारा मुली. आजची वागानोवा अकादमी ती हीच. मॉस्कोमधल्या बॅलेशिक्षणाची सुरुवात १७७३ मध्ये तिथल्या अनाथालयात झाली आणि बोल्शॉय या तिथल्या प्रसिद्ध नाट्यगृहाची शाळा आपली परंपरा तिथपर्यंत नेते. जगातल्या दोन सर्वांत नामांकित बॅले शाळा अशा मुलांना घेऊन सुरू झाल्या, की ज्यांच्या आईवडिलांकडून फी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. खर्च पहिल्या दिवसापासून दुसऱ्या कोणीतरी उचलला. त्या मुलांना नाचायचे आहे का, हे मात्र कोणी विचारले नसणार, आणि ही गोष्ट आज देणगी घेणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनीही विसरू नये असे मला वाटते. आश्रय मिळाला म्हणून मूल कोणाचे देणेकरी होत नाही.

अलीकडचे उदाहरण क्यूबाचे घेता येईल. हवानातल्या एका ट्रकचालकाचा मुलगा कार्लोस अकोस्टा मोठ्या कुटुंबातला. वडिलांनी त्याला बॅले शाळेत घातले ते त्याला शिस्त लागावी म्हणून, आणि शाळा मोफत होती म्हणून. १९९० मध्ये त्याने लोझानच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि पुढे लंडनच्या रॉयल बॅलेचा तो प्रमुख नर्तक झाला. तिथे खर्च सरकारने केला. जिथे सरकार तो करत नाही तिथे ती जागा देणगीदारांनी भरून काढायची असते, आणि ती त्यांनी कशी भरली याच्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट १९६३ ची. त्या वर्षी फोर्ड फाउंडेशनने अमेरिकेतल्या बॅलेसाठी सुमारे ७७ लाख डॉलर जाहीर केले. त्यातला मोठा वाटा जॉर्ज बॅलंशीन यांची नृत्यसंस्था आणि स्कूल ऑफ अमेरिकन बॅले यांना मिळाला. तेवढाच पैसा निरनिराळ्या नृत्यशैलींत वाटला जायला हवा होता अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. परंतु त्या देणगीत एक शहाणपण होते. पैसा एकरकमी इमारतीत घातला गेला नाही. तो अनेक वर्षांत विभागून दिला गेला आणि त्यातून देशभरातल्या नृत्यशाळांमधली मुले निवडून त्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पुढच्या वर्षी पैसे येतील हे माहीत असल्यामुळे आज मुलाला ‘ये’ म्हणता येते, ही गोष्ट हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारखीला सर्वांत मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीची. आर्थर मिचेल हे १९५५ पासून न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये नाचत होते आणि तिथले प्रमुख नर्तक झालेले पहिले कृष्णवर्णीय कलावंत होते. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर त्यांनी ठरवले की आपण वाढलो त्या हार्लेममध्ये जाऊन मुलांना शिकवायचे. कारेल शुक या शिक्षकासह त्यांनी १९६९ मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेम ही संस्था उभी केली. सुरुवातीचे वर्ग गॅरेजमध्ये आणि चर्चच्या तळघरात भरले आणि विद्यार्थ्यांची संख्या बघता बघता शेकड्यांत गेली. पुढे तिथल्या नर्तिका मोजे आणि जोडे आपल्या त्वचेच्या रंगाशी जुळावेत म्हणून रंगवून घेत. लंडनच्या फ्रीड या जोडे बनवणाऱ्या जुन्या कंपनीने गडद त्वचेला साजेसे तपकिरी पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याचे जोडे, विक्रीला आणले ते २०१८ मध्ये. इतका काळ ज्या मुलींनी वर्गाआधी आपले जोडे रंगवले, त्यांना कोणती जिद्द लागली असेल याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. या संस्थेवर २००४ मध्ये कर्जामुळे आपला व्यावसायिक नृत्यसंच थांबवण्याची वेळ आली आणि तो २०१२ पर्यंत थांबलेला राहिला. शाळा मात्र त्या काळातही चालू ठेवली गेली. संकटात काय आधी वाचवायचे याचा तो निर्णय होता, आणि देणगीदारांनीही तोच क्रम मानावा असे मला वाटते.

‘नर्तक किती झाले’ या प्रश्नाकडे पुन्हा येते. मिस्टी कोपलंड २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरच्या प्रमुख नर्तिका झाल्या, आणि त्या संस्थेच्या पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासात हे स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय नर्तिका होत्या. त्यांनी बॅलेला सुरुवात केली तेराव्या वर्षी, मुलांच्या एका सार्वजनिक क्लबात, बास्केटबॉलच्या मैदानावर भरणाऱ्या मोफत वर्गात. बॅलेच्या मानाने हे वय बरेच उशिराचे. त्यांच्या पुढच्या प्रत्येक टप्प्यावर शिष्यवृत्ती द्यायला माणसे पुढे आली, कारण तोवर गुण दिसले होते. पण ते पहिल्यांदा दिसले त्या वर्गात, आणि तिथे त्यांच्यासोबत उभ्या असलेल्या इतर मुलींची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्या मुली नसत्या तर तो वर्ग भरला नसता. शिष्यवृत्ती झाडावरच्या फळाला मिळते. मुळांना पाणी घालणारी देणगी वेगळी असते आणि ती देताना कोणते फळ येणार हे माहीत नसते.

शिवाय नर्तक घडवणे हा या वर्गांचा एकमेव हेतू कधीच नव्हता. जॅक द’आंब्वाज हे न्यूयॉर्क सिटी बॅलेचे गाजलेले नर्तक. त्यांनी १९७६ मध्ये नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट सुरू केली ती सार्वजनिक शाळांतल्या मुलांना शाळेच्या वेळातच, प्रत्यक्ष वाद्यसंगीतावर नृत्य शिकवण्यासाठी. त्यातली बहुसंख्य मुले नर्तक होणार नाहीत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. ठरलेल्या मात्रेला ठरलेल्या जागी पोहोचणे, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून करणे आणि शेजारच्याचा वेग ओळखून आपला वेग जुळवणे, एवढे त्यांना शिकवायचे होते. आमच्या शालेय तासांतही हेच घडते. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी रांगेच्या पुढे उभी राहून इतरांना मात्रा मोजून देताना मी पाहिली आहे. तिच्या वर्गशिक्षिकेने तेव्हा डोळे टिपले. अहवालात याला कोणते सदर द्यावे ते मला आजही सुचलेले नाही.

पार्किन्सनच्या वर्गाविषयी थोडक्यात सांगते. २००१ मध्ये ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तिथल्या रुग्णांच्या गटासाठी असा वर्ग सुरू केला आणि त्या धर्तीवर आज अनेक देशांत वर्ग चालतात. नृत्याने हा आजार बरा होत नाही आणि तसे कोणी म्हणू नये. परंतु चालताना अचानक पाय जमिनीला खिळणे हा या आजाराचा एक जाच आहे, आणि लय किंवा ताल मिळाला की अनेकांना पाऊल उचलणे सोपे जाते हे डॉक्टरांनाही मान्य आहे. आमच्या वर्गात येणारे एक निवृत्त शिक्षक दारापर्यंत पत्नीचा हात धरून येतात. पियानो सुरू झाला की ते तो हात सोडतात.

आता देण्याविषयी. ज्यांना काही द्यायचे आहे त्यांनी ते शक्यतो कोणत्याही एका कामाला न बांधता द्यावे, म्हणजे शिक्षिकेचे मानधन, मुलांना ने-आण करणारी गाडी, विमा, जोडे यांपैकी जिथे खड्डा पडेल तिथे ते वापरता येते. सभागृहाला किंवा दालनाला नाव देण्यासाठी दाते मिळतात, गाडीच्या इंधनासाठी मिळत नाहीत, आणि गाडी नसेल तर सभागृह रिकामे राहते. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन किंवा पाच वर्षांचे वचन द्यावे, मग रक्कम लहान असली तरी चालेल. दरमहा ठरलेली छोटी रक्कम देणारे शंभर जण असतील तर वर्गाचे वेळापत्रक वर्षभरासाठी छापता येते. ज्यांची ऐपत मोठी आहे त्यांनी गंगाजळीत भर घालावी, कारण तिच्या व्याजावर वाईट वर्षातही वर्ग तगतो. पैसे देणे शक्य नसेल त्यांनी वेळ द्यावा. हजेरी ठेवणे, मुलांना रस्ता ओलांडून देणे, जोडे धुऊन मापाप्रमाणे लावणे ही कामे कोणीतरी करावीच लागतात.

शाळांकडूनही दात्यांनी काही मागावे, आणि हे मी शाळेच्या बाजूने बसून म्हणते आहे. तपासलेले हिशेब मागावेत. प्रशासनाचा खर्च वेगळा दाखवायला सांगावा, पण तो दिसला म्हणून नाराज होऊ नये, कारण पावती लिहिणारे कोणी नसेल तर देणगीही नीट पोहोचत नाही. किती मुले आली यापेक्षा पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी किती दहाव्या महिन्यात टिकली, हे विचारावे. माझ्या मते हा एकच आकडा वर्गाचे खरे रूप सांगतो. आणि मुलांना दात्यांपुढे उभे करून त्यांच्या गरिबीची कहाणी सांगायला लावणारी शाळा दिसली तर तसे करू नका असे दात्यांनीच बजावावे. दात्याला तास पाहायचा असेल तर त्याने मागच्या खुर्चीवर बसून अवश्य पाहावा, मुलांना फक्त ‘पाहुणे आले आहेत’ एवढेच कळले तरी पुरे.

आमचा मोफत वर्ग पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होत आहे. नावनोंदणी एक्केचाळीस मुलांची झाली आहे आणि काल मी पेटी उघडून मोजले तेव्हा तिच्यात सव्वीस जोड होते, त्यांतले बहुतेक लहान मापाचे.

आपली विश्वासू,
बॅले शाळेची एक स्वयंसेविका